खपलीचा पहारा

कृष्णाकाठच्या गावांत खपली गव्हाची हुग्गी शिजायला लागली की गुळाचा आणि गव्हाचा मिळून एक जाड, गोड वास घरभर पसरतो. हा गहू करायला सोपा नाही. दाण्याला टरफल इतके घट्ट बिलगलेले असते की मळणी झाली तरी ते सुटत नाही. कांडून किंवा गिरणीतून काढून वेगळे करावे लागते. एवढी मेहनत आणि वर उत्पन्न कमी. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांत बुटके, भरघोस गहू आले तसा खपलीचा पेरा आटत गेला. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात काही घरांनी बी धरून ठेवले म्हणून तो टिकला. अलीकडे मधुमेहींचा गहू म्हणून त्याला पुन्हा भाव आला आहे.

या खपलीचे नाव शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत रोगशास्त्राच्या एका यादीत छापले गेले होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

मिनेसोटा विद्यापीठातले एल्विन स्टॅकमन गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याच्या मागे लागले होते. ही बुरशी दिसायला सगळीकडे सारखीच, सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी फरक कळत नाही. पण एका शेतातला तांबेरा जो गहू लोळवतो, त्याच गव्हाला दुसऱ्या शेतातला तांबेरा काहीच करत नाही. म्हणजे तांबेऱ्याच्या आत अनेक उपजाती असणार. त्या ओळखायच्या कशा? स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी लेव्हिन यांनी उलट बाजूने विचार केला. १९२२ मध्ये त्यांनी गव्हाचे बारा प्रकार निवडले. शेतातून आणलेला तांबेरा या बाराही प्रकारांच्या कोवळ्या रोपांवर टाकायचा, सुमारे दोन आठवड्यांनी पाने पाहायची आणि कोण आजारी पडले, कोण नाही, यावरून उपजात ठरवायची. त्या बारांत एक होता ‘खपली’. भारतातून गेलेला, नावही तेच राहिले.

पाने वाचायची एक मोजपट्टीही ठरली. काहीच न दिसले तर शून्य, विटकरी पुळ्या मोठ्या फुटल्या तर चार, मधल्या अवस्थांना मधले आकडे. शून्य आणि एक यांच्यामध्ये एक विचित्र अवस्था होती. पुळी नाही, पण पानावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट, मेलेले ठिपके. त्यांना आकडा मिळाला नाही. नोंदवहीत त्यांच्यासाठी अर्धविरामाचे चिन्ह लिहायची पद्धत पडली, ती आजही चालू आहे.

तो अर्धविराम म्हणजे झाडाने जिंकलेली एक लढाई असते.

झाडाला रक्त नाही. आपल्या शरीरात जंतूचा माग काढत फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, एकदा झालेला रोग लक्षात ठेवणाऱ्या पेशी असतात. झाडाची प्रत्येक पेशी स्वतःच्या भिंतीत जन्मभर चिणलेली. कोणी मदतीला धावून येणार नाही. त्यामुळे पानातल्या लाखो पेशींपैकी प्रत्येकीला शत्रू ओळखण्याची आणि त्याच्याशी लढण्याची तयारी जन्मतःच करून ठेवावी लागते, आणि ती तयारी आईबापांकडून बियाण्यातूनच यावी लागते.

तांबेऱ्याचा एक बीजाणू मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर येऊन तो गव्हाच्या पानावर उतरतो आणि रात्रीच्या दवाची वाट पाहतो. पान ओले झाले की त्यातून एक बारीक नळी फुटते आणि पानाच्या शिरांना आडवी वाढत जाते. तिला डोळे नाहीत, पण स्पर्श आहे. पानाच्या पृष्ठभागावरचे उंचवटे चाचपत ती पर्णरंध्रापर्यंत, म्हणजे पान ज्या छिद्रांतून हवा घेते तिथपर्यंत पोहोचते. रंध्राच्या कडेचा उंचवटा लागला की नळीचे टोक फुगते आणि तिथेच बसते. सकाळी उजेड पडला की काळा तांबेरा त्या दारातून आत शिरतो.

आत गेल्यावर बुरशी पेशींच्या मधल्या पोकळीत पसरते आणि प्रत्येक पेशीच्या भिंतीला एक भोक पाडून बोटासारखा एक अवयव आत घालते. पेशीचे आतले पातळ आवरण ती फाडत नाही. फुग्यात बोट खुपसावे तसे ते आवरण आत दाबले जाते आणि त्याच्या खोबणीत हे बोट बसते. पेशी जिवंतच राहते, आणि तांबेऱ्याला ती जिवंतच हवी असते. मेलेल्या पेशीतून त्याला काही खाता येत नाही. तो गव्हाची साखर शोषतो, वाढतो, आणि साधारण दहा-बारा दिवसांत पानाची किंवा खोडाची साल फाडून हजारो विटकरी बीजाणू बाहेर टाकतो. शेतातून चाललेल्या माणसाची पांढरी विजार गेरूने माखल्यासारखी होते. मराठीत या रोगाला तांबेरा म्हणतात तसे गेरवाही म्हणतात.

आता झाडाच्या बाजूने.

बुरशीच्या अंगावर कायटिन नावाचे द्रव्य असते. खेकड्याचे कवच आणि किड्यांचे पंख ज्याचे बनलेले असतात तेच हे. झाड स्वतः कायटिन कधीच बनवत नाही, म्हणून पानात कायटिनचा तुकडा सापडला तर तो परक्याचाच. झाडाकडे कायटिन कातरणारी विकरे असतात. ती बुरशीच्या अंगाचे कण सुटे करतात, आणि पेशीच्या बाह्य आवरणावर बसलेली ग्राहक प्रथिने ते कण पकडतात. जीवाणूंसाठी वेगळी खूण असते. जीवाणू ज्या शेपटीने पोहतात तिच्या प्रथिनातला फक्त २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा झाडाला पुरतो. तो ओळखणारे ग्राहक प्रथिन थॉमस बोलर आणि लुर्देस गोमेझ-गोमेझ यांनी २००० मध्ये शोधून काढले. सस्तन प्राण्यांच्या पेशीही जीवाणूची हीच शेपटी ओळखतात, पण तिचा वेगळा भाग पकडून. प्राणी आणि वनस्पती यांच्या वाटा फार पूर्वी वेगळ्या झाल्या, आणि दोघांनी आपापल्या वाटेने त्याच चोराची तीच वस्तू हेरली, हे वाचताना कोणीही थबकावे.

खूण पटली की पुढच्या गोष्टी मिनिटांत घडतात. पेशीत कॅल्शियम शिरते, बाहेरच्या अंगाला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, जिथे घुसखोरी चालली आहे तिथली भिंत आतून लिंपून जाड केली जाते. पर्णरंध्रेही मिटतात. रंध्रे फक्त पाणी वाचवण्यासाठी मिटतात अशी समजूत होती. माएली मेलोतो, शेंग यांग ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की पानावर जीवाणू आले तर झाड दारे लावून घेते. त्याच प्रयोगात शत्रूचीही हुशारी दिसली. काही तासांनी तीच दारे पुन्हा उघडली, कारण त्या जीवाणूकडे झाडाच्या स्वतःच्या संप्रेरकाची नक्कल करणारे एक विष होते आणि त्याने ती उघडायला लावली.

हा बाहेरचा पहारा. बहुतेक बुरशी, बहुतेक जीवाणू इथेच अडतात, आणि म्हणून एवढ्या जंतूंनी भरलेल्या हवेत, मातीत झाडे सहसा हिरवीगार असतात. पण जे खरे रोगकारक आहेत त्यांनी या पहाऱ्यावर उपाय शोधलेले असतात. तांबेऱ्याचे ते आत खुपसलेले बोट फक्त खात नाही. त्यातून शेकडो प्रकारची प्रथिने पेशीत सोडली जातात. कोणते प्रथिन धोक्याची सूचना दाबून टाकते, कोणते पेशीची रोजची कामे बुरशीच्या सोयीने वळवते. भाताच्या जीवाणूजन्य करप्यात तर जीवाणूचे एक प्रथिन थेट भाताच्या पेशीकेंद्रात जाऊन साखर बाहेर सोडणारे जनुक चालू करते. चोराने घरमालकाच्याच हातून कोठार उघडवून घ्यावे तसे.

याला उत्तर म्हणून झाडाकडे दुसरा पहारा असतो, पेशीच्या आत. तो कसा चालतो याचा पहिला स्पष्ट सुगावा लागला जवसावर. विदर्भातल्या घरांत जवसाची चटणी ठाऊक आहेच. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात हे मोठे पीक होते आणि त्यालाही तांबेरा लागायचा. हॅरोल्ड फ्लोर तिथे १९३०च्या दशकापासून या रोगावर काम करत होते. जवसाच्या तांबेऱ्याची सोय अशी की त्याचे सगळे जीवनचक्र एकाच झाडावर पुरे होते, त्यामुळे त्याचा संकर करणे जमते. फ्लोरनी वर्षानुवर्षे जवसाचा जवसाशी संकर केला आणि तांबेऱ्याचाही तांबेऱ्याशी, आणि दोन्हीकडची वंशावळ शेजारी ठेवून पाहिली. जवसात रोग रोखणारे जे जे जनुक सापडले, त्या प्रत्येकाला जोडीदार असे एक जनुक तांबेऱ्यात सापडले. दोन्ही जनुके समोरासमोर आली तर झाड वाचते. तांबेऱ्याने आपले जनुक बदलले किंवा गमावले तर झाडाला तो दिसतच नाही, आणि रोग होतो. रोग करण्याची ताकद ही पुष्कळदा ओळख लपवण्याची ताकद असते, हे फ्लोरनी रेणू, प्रथिने यांतले काहीच डोळ्यांनी न पाहता, निव्वळ रोपे मोजून सिद्ध केले. या लेखातल्या सगळ्या कामांत सर्वांत देखणे काम कोणते असे विचारले तर ते हेच.

त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने १९९०च्या दशकात हाती लागू लागली. भाताच्या जनुकसंचात अशी सुमारे ५०० आहेत, गव्हात हजारांच्या घरात. काही प्रथिने शत्रूच्या एखाद्या विशिष्ट प्रथिनाला थेट पकडतात. काही त्याहून सावध असतात. प्रत्येक चोराचा चेहरा पाठ करण्यापेक्षा दाराच्या कडीवर नजर ठेवावी तशी ती पेशीच्या एखाद्या मोक्याच्या प्रथिनावर नजर ठेवतात. त्याला कोणी हात लावला की हाकाटी. एरवी हा पहारेकरी गप्प पडून असतो. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अशा एका प्रथिनाची जागे झाल्यानंतरची रचना प्रसिद्ध केली. पाच रेणू एकत्र येऊन चाकासारखी आकृती होते, मधून नरसाळ्यासारखे टोक बाहेर येते आणि पेशीच्या आवरणात घुसते. २०२२ मध्ये गव्हाच्या एसआर-३५ या प्रथिनातही अशीच पाच पाकळ्यांची रचना दिसली, आणि तिच्या पाकळ्यांना चिकटलेले तांबेऱ्याचे प्रथिनही दिसले. या चाकाच्या मधल्या छिद्रातून कॅल्शियमचा लोंढा पेशीत येतो आणि पेशी मरते.

पेशी मरते, आणि तिच्याबरोबर आत खुपसलेले तांबेऱ्याचे बोटही उपाशी मरते. आजूबाजूच्या मोजक्या पेशी गेल्या तर पानावर एक फिकट ठिपका उरतो. नोंदवहीतला अर्धविराम तो हाच. स्टॅकमननी १९१५ मध्येच या घटनेला ‘अतिसंवेदनशीलता’ असे नाव दिले होते. नाव दुबळेपणाचे वाटते, पण जो गहू सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने दचकतो तोच वाचतो.

मरता मरता पेशी बाकीच्या झाडाला कळवूनही जाते. तंबाखूच्या खालच्या पानांवर विषाणू टाकला तर काही दिवसांनी वरची, कधीच विषाणू न पाहिलेली पानेही अधिक कणखर होतात, हे फ्रँक रॉस यांनी १९६१ मध्ये नोंदवले. या निरोपात सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिन ज्या कुळातले, तेच. रेमंड व्हाइट यांनी १९७९ मध्ये तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचून पाहिले आणि विषाणूचा जोर खरोखर कमी झाला. याच आम्लाचे एक उडून जाणारे रूप रोगट तंबाखूच्या पानांतून हवेत सुटते आणि शेजारच्या रोपांनाही सावध करू शकते. त्याचा वास मराठी घरांना अनोळखी नाही. गुडघे दुखले की चोळायच्या गंधपुरा तेलाचा वास तो हाच.

पेशीला मरू देण्याचा उपाय सगळ्या शत्रूंवर मात्र चालत नाही. काही बुरशी मेलेल्या पेशींवरच जगतात, आणि त्यांच्यापुढे मरणे म्हणजे ताट वाढून देणे. अमेरिकेत १९४०च्या दशकात ओटच्या पिकात तांबेरा रोखणारे एक जनुक आणले गेले. ते ज्या वाणातून आले त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया’. काही वर्षांतच या ओटवर एक नवाच करपा कोसळला. त्याच्या बुरशीचे विष नेमका तांबेऱ्याविरुद्ध ठेवलेला पहारेकरीच जागा करत होते. पेशी शिस्तीने मरत होत्या आणि बुरशी त्या खात होती. एक दार भक्कम केले आणि तेच दुसऱ्याला आत घ्यायला कामी आले.

रोजच्या शेतीत अधिक ओळखीची अडचण वेगळी आहे. पहारेकऱ्याची ओळख बियाण्यात पक्की झालेली. गव्हाची एक पिढी म्हणजे एक वर्ष. तांबेऱ्याची पिढी पंधरवड्यात होते आणि एका शेतात त्याचे बीजाणू अब्जांनी असतात. त्यातल्या एकाने जरी ओळख बदलली आणि समोर मैलोन्‌मैल एकाच वाणाचा, एकाच पहारेकऱ्यावर विसंबलेला गहू असला, तर पुढे काय होते ते भारताने पाहिले आहे. हरितक्रांतीतला लाडका कल्याण सोना १९७०च्या दशकात पानावरच्या तांबेऱ्याला बळी पडू लागला. त्यानंतर जगभरच्या गव्हात राय या धान्यातून आणलेले एसआर-३१ हे जनुक आले आणि कितीतरी वर्षे काळा तांबेरा जणू संपलाच असे वाटले. पंजाबच्या शेतांत ज्याचा पेरा अफाट होता त्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाची भिस्तही याच जनुकावर होती. मग १९९८ मध्ये युगांडात एसआर-३१ असलेल्या गव्हावरच काळ्या तांबेऱ्याच्या पुळ्या दिसल्या. १९९९ मध्ये वर्णन झालेली ही उपजात ‘यूजी ९९’ म्हणून ओळखली जाते. तिने तांबडा समुद्र ओलांडून येमेन गाठले, पुढे इराणही. भारतात ती आढळलेली नाही, पण २००५ मध्ये नव्वदीतले गहूशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग हातातले सगळे सोडून जगाला सावध करत फिरले, ते तिच्यामुळे. ते स्वतः स्टॅकमन यांचेच विद्यार्थी.

नवे पहारेकरी शोधायचे कुठे? उत्तर पुष्कळदा टरफलाच्या गव्हात सापडते. खपली ज्या जातीची, त्या एमर गव्हाच्या ‘यारोस्लाव’ नावाच्या प्रकाराचा साउथ डकोटात एडगर मॅकफॅडन यांनी १९१६ मध्ये साध्या गव्हाशी संकर केला. दोन्ही जातींतली गुणसूत्रे जुळत नाहीत, त्यामुळे संततीत दाणा भरणेच मुश्किल. तरी मूठभर दाण्यांतून त्यांनी ‘होप’ हे वाण उभे केले. त्यातले एसआर-२ हे जनुक तांबेऱ्याला पूर्ण रोखत नाही, फक्त मंद करते, आणि बहुधा म्हणूनच ते शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. खुद्द खपलीचा संकर ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी ‘स्टाइनवेडेल’ या गव्हाशी केला. संततीचे नाव ठेवले ‘खपस्टाइन’. आईबापांची नावे जोडून केलेले. तिच्यातून एसआर-१३ आणि एसआर-१४ ही जनुके साध्या गव्हात आली.

२०१७ मध्ये जॉर्ज डबकोव्हस्की यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने एसआर-१३ नेमके हुडकून काढले. ते पेशीच्या आतल्या पहाऱ्याचेच जनुक निघाले, आणि यूजी ९९च्या कुळाला ते ओळखते. त्याची आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष मोलाची. तंबाखूतला विषाणू रोखणारा प्रसिद्ध पहारेकरी २८ अंशांच्या वर तापमान गेले की झोपी जातो. असे अनेक पहारेकरी उष्णतेत ढिले पडतात. एसआर-१३ उलट उबदार हवेत अधिक चांगले काम करते. इथिओपियातल्या काही उपजातींनी त्याच्याही काही रूपांना चकवले आहे, म्हणून ते एकटे पुरणार नाही. दुसऱ्या जनुकांच्या जोडीने वापरावे लागेल. तरी कांडणाची कटकट सोसून ज्या घरांनी खपलीचे बी दरवर्षी राखले, त्यांच्या कणग्यांतून हे आले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचे एमएसीएस २९७१ हे बुटके वाणही दिले आहे. खपलीची ओळख केवळ साखर कमी करणारा गहू एवढीच राहिली तर तिची खरी श्रीमंती सांगायची राहूनच जाईल.

तांबेरा महाराष्ट्रात मुक्कामाला नसतो, येतो. मैदानी उन्हाळ्यात त्याचे बीजाणू तग धरत नाहीत. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे हवेतले बीजाणू टिपून आणि डोंगर पालथे घालून दाखवले की दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत तो उन्हाळा काढतो आणि हंगामात वाऱ्यावरून उत्तरेकडे सरकतो. त्याच्या वाटेवर महाबळेश्वर आहे. तिथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र चालते. तांबेऱ्याची पारख करणाऱ्या अशा शेतांत रोगाला सहज बळी पडणारे गहू मुद्दाम ओळीने पेरतात, त्यांच्यावर तांबेरा सोडतात, आणि त्यांच्या शेजारी नव्या वाणांच्या ओळी असतात. देशभरातून गोळा केलेली रोगट पाने सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात जातात. तिथे कुंड्यांत उगवलेल्या कोवळ्या गव्हांवर तो तांबेरा घातला जातो. दोन आठवडे थांबून कोणीतरी भिंग घेऊन बसते, एकेक पान बोटावर आडवे धरते आणि वहीत लिहीत जाते: चार, चार, तीन, अर्धविराम.